मांजर जवळच असते

घरातले मांजर निसटण्याच्या वेळा बहुधा ठरलेल्या असतात. दिवाळीपूर्वी रंगकाम निघते आणि दार दिवसभर सताड उघडे राहते. पाहुण्यांना निरोप देताना उंबऱ्यावरच्या गप्पा लांबतात. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सैल झालेली असते. सर्वांत वाईट वेळ म्हणजे फटाक्यांची रात्र. पुष्कळदा संध्याकाळचे ताट तसेच राहिलेले दिसते, तेव्हा कुठे मांजर घरात नाही हे ध्यानी येते. मग घरची मंडळी हाका मारीत थेट नाक्यापर्यंत धावतात. शोध चुकतो तो येथेच.

हरवलेल्या मांजरांविषयी ‘अ‍ॅनिमल्स’ या संशोधनपत्रिकेत 2018 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत 1,210 मांजरांची माहिती त्यांच्या पालकांकडून घेतली होती. पालकांनी स्वेच्छेने कळविलेली माहिती असल्याने आकडे काटेकोर मानू नयेत. पण त्यांचा कल स्पष्ट आहे. सापडलेल्या मांजरांपैकी 75 टक्के निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती. एरवी घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांपैकी तेवढीच तर अवघ्या 137 मीटरच्या आत मिळाली. म्हणजे फार तर चार-पाच इमारतींचे अंतर. पहिल्या सात दिवसांत 34 टक्के मांजरे जिवंत हाती आली, वर्षभरात एकूण 61 टक्के सापडली आणि नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडणारी फारच थोडी होती. ‘येईल आपले आपण’ हा घरोघरी मिळणारा दिलासा या हिशेबात महाग पडतो.

जवळ असूनही ते दिसत का नाही? घरातच वाढलेल्या मांजराला जिन्याखालचे जग सर्वस्वी परके असते. तेथे दुसऱ्या मांजरांच्या हद्दी असतात, कुत्री असतात. भ्यालेले मांजर पहिला मिळेल तो आडोसा गाठते आणि तेथे निःशब्द बसून राहते. एरवी डब्याचे झाकण वाजताच पायांत घोटाळणारे हे मांजर मालकिणीची हाक चार हातांवरून ऐकूनही उत्तर देत नाही. ते कृतघ्न झालेले नसते. आवाज केला तर आपण सापडू, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून उत्तर आले नाही याचा अर्थ मांजर तेथे नाही, असा घेऊ नये.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. दिवाणाचा कप्पा, कपाट, माळा, फ्रिजची मागची बाजू आणि कपडे धुण्याचे यंत्र पाहिल्यावाचून खाली उतरू नये. त्यानंतर आपला मजला, जिना, मीटरची खोली, पाण्याच्या पंपाची खोली, गच्चीवरील टाकीचा आडोसा, तळमजल्याच्या मागील गॅलऱ्या. वाहनतळातील प्रत्येक गाडीखाली वाकून पाहावे. मांजर कधी इंजिनाच्या पोकळीतही शिरते; तेव्हा शेजाऱ्यांना गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्याची विनंती करावी. शेजाऱ्याला ‘मांजर दिसले का’ एवढेच विचारून परतणे हा अर्धा शोध झाला. त्याच्या बंद कोठीचे दार एकदा उघडून पाहू देण्याची विनंती करावी. संकोच वाटतो खरा. पण कोंडलेले मांजर त्या संकोचापायीच आत राहते.

दिवसा न मिळालेले मांजर रात्री मिळण्याची शक्यता अधिक. वर्दळ थांबल्यावर, पहाटे दोन-तीनच्या सुमारास, विजेरी घेऊन निघावे. विजेरी डोळ्यांच्या उंचीवर धरली की अंधारातील मांजराचे डोळे तो प्रकाश परतवून चमकतात. दिसताच झडप घालू नये. जमिनीवर बसावे, नेहमीच्या हळू आवाजात बोलावे, नेहमीचे खाणे पुढे ठेवून वाट पाहावी. एकानेच जावे, आणि त्याच्या सवयीच्या माणसाने. घरात आजींच्याच मांडीवर ते झोपत असेल, तर नातवांच्या उत्साहापेक्षा आजींचे खुर्ची टाकून बसणे अधिक उपयोगी. भेदरलेले मांजर ओरबाडते किंवा चावते. तसे झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे, रेबीजच्या लसीचा प्रश्न असतो.

रखवालदार, दूधवाला, वृत्तपत्र टाकणारी मुले आणि पहाटे झाडणाऱ्या सफाई कामगार भगिनी यांना छायाचित्र आवर्जून दाखवावे. ही मंडळी ज्या वेळी फिरतात, त्या वेळी बाकी वस्ती झोपलेली असते. सूचनापत्रकावर मोठे छायाचित्र, जागा, तारीख आणि दूरध्वनी क्रमांक पुरे. एखादी खूण मात्र मुद्दाम लिहू नये. पंजावरचा डाग, शेपटीची गाठ असे काही. ‘मांजर माझ्याकडे आहे, गाडीभाडे आधी पाठवा’ असा फोन आला की तीच खूण विचारावी आणि मांजराचे त्या क्षणीचे चलचित्र मागावे. पत्रकावरील छायाचित्र कोणीही परत पाठवू शकतो. मांजर हाती येण्यापूर्वी रुपयाही पाठवू नये. दुःखात असलेला माणूस व्यवहारात सर्वांत कच्चा असतो, हे फसविणाऱ्यास नेमके ठाऊक असते.

मांजर सापडल्यावर ते छातीशी धरून रस्त्याने आणू नये. फटफटीच्या एका आवाजासरशी ते पुन्हा निसटते. झाकणाची टोपली किंवा पिंजरा सोबत न्यावा. घरी आणल्यावर एका शांत खोलीत पाणी, खाणे व त्याची मातीची पेटी ठेवून दार ओढून घ्यावे, दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. आणि त्या खिडकीची जाळी त्याच संध्याकाळी बदलून घ्यावी.