भाषा ऐकून संशय घेणारा पोलीस

११ जुलै २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या केंद्रीय न्यायालयाने एक आदेश दिला. इमिग्रेशनच्या लोकांनी कुणाला रस्त्यात अडवून ‘तू इथला का?’ असं विचारायचं असेल, तर केवळ चार गोष्टींवरून अडवायचं नाही. एक, माणसाचा वंश. दोन, तो स्पॅनिश बोलतो किंवा इंग्रजी वेगळ्या हेलात बोलतो. तीन, तो कुठे उभा आहे. चार, तो काय काम करतो. दोन महिनेही झाले नाहीत, ८ सप्टेंबरला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा आदेश थांबवला.

मी राज्यशास्त्र शिकते, निकाल वाचायची सवय आहे. पण त्यातला दुसरा मुद्दा वाचून मी थांबले. काळ्या दिनाच्या फेरीला निघताना बाबा मला दरवर्षी एकच गोष्ट सांगतात, ‘पोलिसांनी काही विचारलं तर कन्नडमध्येच बोल गं.’ बाबांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि त्यांचा त्या भाषेवर रागही नाही. तोंडातून पहिला शब्द कुठल्या भाषेत निघतो त्यावर पुढचा अर्धा तास ठरतो, एवढं मात्र ते अनुभवाने शिकलेत. म्हणून अमेरिकेतली ही गोष्ट मला परक्या देशाची वाटत नाही.

आधी तिथे काय झालं ते सांगते. ६ जून २०२५ ला आइस या केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणेने लॉस एंजेलिसमध्ये कामाच्या ठिकाणी धाडी टाकल्या. त्याच दिवशी लोक रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गव्हर्नरचा विरोध डावलून नॅशनल गार्डचे २,००० जवान पाठवायचा हुकूम दिला. नंतर हा आकडा ४,००० पर्यंत गेला, वर ७०० मरीन सैनिक. या सगळ्यात एक प्रश्न वारंवार विचारला जात होता: शहराचे पोलीस नेमके कुणाच्या बाजूने आहेत?

कायद्याने पाहिलं तर उत्तर स्पष्ट आहे. अमेरिकेत इमिग्रेशन हा केंद्राचा विषय, आणि शहरांचे पोलीस केंद्राचे नोकर नाहीत. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. तो खटला बंदूक कायद्याचा होता, जिंकले ते पुराणमतवादी शेरीफ. आज त्याच निकालाचा आधार स्थलांतरितांना सांभाळणारी शहरं घेतात. निकाल कुणाच्या कामी कधी येईल सांगता येत नाही, हे आमच्या वर्गात शिकवतात ते खरंच आहे.

सक्ती नाही, पण स्वखुशीने मदत करता येते. त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला १९९६ च्या कायद्यातलं कलम २८७ (जी): स्थानिक पोलिसांनी केंद्राशी करार करायचा आणि त्यांच्या माणसांनी इमिग्रेशनचं काम करायचं. २०२५ च्या सुरुवातीला असे करार दीडशेच्या आत होते, वर्ष संपायच्या आधी हजाराच्या वर गेले. दुसरा मार्ग जेलमधला. एखादा माणूस सुटणार असतो, तेवढ्यात आइसची चिठ्ठी येते की याला आणखी ४८ तास ठेवा. त्या चिठ्ठीवर न्यायाधीशाची सही नसते. ती फक्त विनंती आहे, हुकूम नाही, असं तिथल्या एका केंद्रीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. शिवाय जेलमध्ये घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत इमिग्रेशन खात्याकडे जातातच. ते कुठलंच शहर थांबवू शकत नाही.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तर १९७९ मध्येच स्वतःहून नियम केला होता: केवळ कागदपत्रं तपासण्यासाठी कुणावर कारवाई करायची नाही. हा नियम काढणारे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स काही मवाळ माणूस नव्हते. त्यांचा हिशोब व्यवहाराचा होता. ज्या बाईला नवरा मारतो, ज्या मजुराची मजुरी लुबाडली जाते, ते पोलिसाला बघून पळू लागले तर गुन्हा कळणार कुणाकडून? साक्ष देणार कोण?

याला विरोध करणाऱ्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, गुन्हेगाराला जेलच्या दारात हवाली केलं तर रस्त्यावर धाड टाकावी लागत नाही, ते सगळ्यांनाच सुरक्षित. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्यातही गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना हवाली करायची मुभा ठेवलीय. पण सीमा नसलेली मदत कुठे जाते, ते ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत दिसलं. तिथले शेरीफ जो आर्पायो यांच्या पोलिसांनी लॅटिनो चेहरा बघून गाड्या अडवल्या, असा निकाल २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने दिला. अडवलेल्यांत अमेरिकेचे नागरिकही होते.

आता आंदोलनाकडे येते, कारण नियमाला भोक तिथेच पडलं. लॉस एंजेलिसचे पोलीस म्हणाले, ‘आम्ही धाडीत नाही, आम्ही फक्त गर्दी हटवतोय.’ १९७९ चा नियम कागदपत्रं विचारण्याबद्दल बोलतो, गर्दी हटवण्याबद्दल नाही. म्हणजे धाड टाकणारे केंद्राचे, आणि धाडीविरुद्ध ओरडणाऱ्यांवर रबरी गोळ्या झाडणारे शहराचे. एका ऑस्ट्रेलियन वाहिनीच्या पत्रकार बाईंना कॅमेऱ्यासमोर बोलतानाच गोळी लागली. फुटपाथवर उभ्या माणसाला दोन गणवेशांतला फरक कसा कळावा? नियम पाळूनही मदत होते ती अशी.

मित्रांनो, आपल्यापैकी काही जण यावरून लगेच म्हणतील, बघा, स्थानिक पोलीस चांगले, केंद्र वाईट. पण आपल्याकडे उलटं आहे. भारतात पोलीस हा राज्याचा विषय. आपल्यावर लाठी उगारणारे राज्याचे, आणि आपण दाद मागतो ती दिल्लीत, सुप्रीम कोर्टात. अमेरिकेतही राज्य आपल्या शहरांना जुंपू शकतं, टेक्सासने २०१७ मध्ये कायदा करून तेच केलं. तेव्हा पोलीस कुठल्या सरकारचा यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. तो कशावरून संशय घेतो, आणि त्याला आवर घालणारं काही लिहून ठेवलंय का, हे बघायला पाहिजे.

आणि इथे मला आपल्याच माणसांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. परकीय नागरिक हा आपल्याकडेही केंद्राचा विषय, पण त्यांना शोधून ताब्यात घेण्याचे अधिकार १९५८ पासून राज्यांकडे सोपवलेले आहेत. अमेरिकेत निदान करार लागतो, आपल्याकडे तेवढंही लागत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पश्चिम बंगालच्या काही मजुरांना पोलिसांनी उचललं, सीमा सुरक्षा दलाकडे दिलं, आणि त्यांना बांगलादेशात ढकलण्यात आलं. ते भारतीय होते. पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केल्यावर त्यांना परत आणलं. त्यांचा गुन्हा काय? बंगाली बोलत होते, मजुरी करत होते. न्यायालयाच्या त्या यादीतले दोन मुद्दे.

हे करणारे पोलीस महाराष्ट्राचे होते. ज्या महाराष्ट्रात जायचं म्हणून आपल्या आजोबांनी १७ जानेवारी १९५६ ला गोळ्या झेलल्या, त्या महाराष्ट्राचे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री बेळगावात येऊ नयेत म्हणून इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली, तेव्हा ‘देशात कुठेही फिरायचा हक्क’ आपण सगळीकडे लिहिला. बंगाली मजुरांच्या वेळी मात्र आपल्या ग्रुपवर शुकशुकाट होता. एक-दोघांनी तर अंगठा दाखवून वाहवा केली. मी स्वतःही काही लिहिलं नाही. हे लपवून मला पुढे बोलता येणार नाही.

भाषा ऐकून संशय घ्यायचा नाही, हा नियम एक तर सगळ्यांसाठी असतो, नाहीतर कुणासाठीच नसतो. बेळगावात मराठीसाठी तो मागायचा आणि मुंबईत बंगालीसाठी विसरायचा, हे चालणार नाही. उद्या कोर्टात आणि लोकांत आपलंच तोंड बंद होईल.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. आपल्या मागण्यांत दोन ओळी वाढवायच्या. पहिली: भाषेवरून, पेहरावावरून किंवा कामावरून पोलिसांनी कुणालाही अडवू नये, असा लेखी आदेश राज्याने काढावा, कर्नाटकाने आणि महाराष्ट्रानेही. दुसरी: आंदोलनात ताब्यात घेतलेल्या प्रत्येकाला कारण सांगावं, घरच्यांना कळवावं आणि अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी. यातलं बरंच काही संविधानाच्या कलम २२ मध्ये आणि १९९६ च्या डी. के. बसू निकालात आधीच आहे. आपण फक्त ते मागत नाही.

ज्यांना हा ठराव पटत नाही त्यांनीही या. समोरासमोर बोलू.