पैलतीरीं कालेश्वर

चंद्रपूरच्या एका वाचकभगिनींचें पत्र ह्या वेळीं आमच्यापुढें आहे. बाईंचें वय ६४, यजमानांचें ६७. उभयतां शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालीं आहेत. घरांत दोन मुलगे, सुना, नातवंडें. बाईंची इच्छा इतकीच कीं, दिवाळीनंतरच्या थंडींत आपली मोटार घेऊन दोघांनींच निघावें, आलापल्लीच्या रानांतून सिरोंच्याला जावें, गोदावरी ओलांडून तेलंगणांत कालेश्वराचें दर्शन घ्यावें आणि रामप्पाचें देऊळ व वरंगळ पाहून परत यावें. घरांत ह्यावरून बराच गहजब उडाला आहे. धाकटा मुलगा म्हणतो, रेल्वेनें जा. थोरला म्हणतो, ड्रायव्हर न्या. थोरल्या सूनबाई म्हणतात, आई, आपण सर्वच जाऊं. "हे मात्र गप्प बसून आहेत," असें लिहून बाई विचारतात, "आमचा हा हट्ट वयाला न शोभणारा आहे काय?"

आम्हांस तसें वाटत नाहीं. एकत्र कुटुंबांतील बाई प्रवासास निघते ती बहुधा सर्वांचे डबे बरोबर घेऊन, आणि गाडी कोठें थांबवावी हें दुसऱ्याच कोणाच्या तहानभुकेवर ठरत असतें. तिला एकदां तें स्वतः ठरवावेंसें वाटलें तर त्यांत मुलांवरचा रुसवा शोधूं नये. सूनबाईंचें म्हणणें प्रेमाचें आहे खरें, परंतु त्यांत बाईंचा प्रवास हरवतो. पूर्वीं वडील माणसें काशीस निघत, तेव्हां घरचे लोक वेशीपर्यंत पोंचवीत आणि परत भेट होईल अशी फारशी आशा धरीत नसत. तरी त्यांना कोणी अडवीत नसे. आतां खिशांत फोन असतांना दोनशें किलोमीटरांचें भय वाटावें, हें नवलच!

रेल्वेची सूचनाही नकाशा न पाहतां केलेली दिसते. सिरोंच्याला रेल्वे नाहीं. बल्लारशाहून काजीपेठेकडे जाणारी गाडी वरंगळास सुखानें नेईल, पण रान, प्राणहिता आणि कालेश्वर हीं सारीं बाजूला राहतील. म्हणजे बाईंना जें पाहावयाचें आहे तें वगळून बाकीचें मिळेल.

मात्र पत्रांतलें सर्वांत महत्त्वाचें वाक्य आम्हांस यजमानांच्या मौनाचें वाटतें. मोटार चालविणार ते. त्यांना काय वाटतें हें घरांत कोणीं विचारलेलें दिसत नाहीं. ह्या वयाच्या पुरुषाला संध्याकाळच्या उजेडांत समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला कीं क्षणभर कांहीं दिसेनासें होतें, आणि ही गोष्ट तो मुलांसमोर कबूल करीत नाहीं. बायकोसमोर तर नाहींच. तसें असेल तर डोळे तपासून घ्यावे, मोतीबिंदु असल्यास तो आधीं काढावा आणि यात्रा एक वर्ष पुढें ढकलावी. २०१९ च्या मोटार कायद्याच्या दुरुस्तीपासून पंचावन्नाच्या पुढील माणसाचा परवाना एका वेळीं पांचच वर्षांसाठीं नवा होतो, व त्यासाठीं डॉक्टरचा दाखलाही लागतो. तो दाखला आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडून चहा घेतां घेतां मिळवूं नये. बाईंना स्वतः मोटार चालवितां येते कीं नाहीं हें पत्रांत नाहीं. येत नसल्यास शिकण्यास अजूनही हरकत नाहीं.

डोळ्यांचा निकाल अनुकूल लागला तर पुढचें सांगतों. बल्लारपूर, गोंडपिंपरी करीत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोली जिल्हा लागतो. पुढें चपराळ्याच्या रानाशीं वर्धा येऊन वैनगंगेस मिळते आणि दोघींचें मिळून प्राणहिता असें नांव होतें. सवड असल्यास आष्टीहून चामोर्शीकडे वळून मार्कंडा करावा. तेथें वैनगंगा उत्तरवाहिनी झाली आहे, आणि तिच्या कांठचीं जुनीं शिल्पमंडित देवळें घाईनें पाहण्याजोगीं नव्हेत.

आलापल्लीस मात्र उतरावेंच. तेथील 'वनवैभव' नांवाचा राखलेला तुकडा २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. जुने सागवान कसे असतात हें ज्यांनीं केवळ वखारींत पाहिलें, त्यांनीं येथें मान वर करून पाहावें. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं बल्लारपुराहून लांकूड गेलें, तें चंद्रपूर-गडचिरोलीच्याच रानांतलें. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतची वाट लांब आणि विरळ वस्तीची आहे. ह्या रस्त्यानें वर्षानुवर्षें प्रवाशांचीं हाडें खिळखिळीं केलीं आहेत. म्हणून तो आज कसा आहे हें आलापल्लीस विचारूनच पुढें जावें. जिल्ह्याचें नांव चार दशकें वर्तमानपत्रांत बंदुकीच्या बातमीबरोबरच येत राहिलें, त्यामुळें मुलांची धास्ती आम्हांस समजते. पोलीस ठाण्यावर विचारपूस करण्यांत कमीपणा नाहीं. पेट्रोल आलापल्लीसच भरावें, स्टेपनींतली हवा पाहून घ्यावी, मच्छरदाणी बरोबर ठेवावी, आणि सूर्यास्तानंतर चाक फिरवूं नये. रस्त्यावर गुरें असतात आणि रानांतलीं जनावरेंही. पावसाळ्यांत तर हा बेतच करूं नये. नाले चढले कीं ह्या भागांतील वाटा दिवसचे दिवस तुटतात.

सिरोंच्यास मुक्काम करावा. येथें बाजारांत मराठीइतकीच तेलुगु ऐकूं येते. ह्या भागांत, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांत, प्राचीन महाकाय सरड्यांचे अवशेष सांपडले. त्यांतल्या एकाचा शोध १९६१ सालीं, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं लागला, म्हणून त्याचें शास्त्रीय नांव 'बारापासॉरस टागोराय' असें ठेवलें. 'बारापा'चा अर्थ मोठा पाय. त्याचा सांगाडा कलकत्त्यास आहे, पण जवळच वडधम येथें जीवाश्म उद्यान आहे. नातवंडांसाठीं तेथील चार छायाचित्रें काढून आणावीं.

राहिली सीमा. ती येथें कुंपणाची नसून पाण्याची आहे. बाईंच्या लहानपणीं सिरोंचा त्यांच्याच चांदा जिल्ह्यांत होता. १९८२ सालीं तो गडचिरोलींत गेला. पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें, १९५६ पासून आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगण. एके काळीं नावेची वाट पाहावी लागे. आतां गोदावरीवर पक्का पूल आहे. खासगी मोटारीला पलीकडे जाण्यास वेगळा परवाना लागत नाहीं. नोंदणी, विमा, प्रदूषणाचा दाखला आणि चालकाचा परवाना जवळ असला म्हणजे झालें. नदीवर सर्वच गोड नाहीं. खालच्या अंगास मेडीगड्डा येथें तेलंगण सरकारनें बांधलेला मोठा बंधारा २०१९ सालीं सुरू झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे खांब खचले. त्याच्या फुगवट्यानें आपलीं शेतें बुडतात, म्हणून सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनीं आंदोलनें केलीं आहेत. सिरोंच्यास जेवायला बसाल तेव्हां हा विषय निघेल; तो ऐकून घ्यावा.

कालेश्वराच्या गाभाऱ्यांत एकाच पीठावर दोन लिंगें आहेत, एक शिवाचें आणि एक यमाचें. मार्कंड्यास ज्या यमाला शिवानें परतविल्याची कथा सांगतात, तोच येथें त्याच्या शेजारीं बसलेला आहे. साठीच्या पुढच्या जोडप्यानें येथें काय मागावें, हें आम्ही सांगणार नाहीं. तेलुगु लोकांचा गोदावरी-पुष्कर गुरु सिंह राशींत जातो तेव्हां येतो, म्हणजे आपल्या नाशिकच्या सिंहस्थाच्याच हिशेबानें. मागचा पुष्कर २०१५ सालीं झाला. बारा वर्षांचें गणित घरीं करून त्या गर्दीचे दिवस टाळावे.

पुढें पालमपेटचें रामप्पा मंदिर १२१३ सालचें, काकतीयांच्या काळांतलें. २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. त्याच्या शिखराच्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या आहेत. तेथें दुपार घालवावी, वरंगळास दिवस असतांनाच पोंचावें, आणि मुक्कामाला टेकल्यावर रात्रीं घरीं एकदांच फोन करावा. तो बाईंनीं करावा.