दुकान चालवणारी आई



आज एडना फर्बर या अमेरिकन कादंबरीकार बाईंची गोष्ट सांगतो. जन्म १८८५ सालचा, मिशिगनमधल्या कालामाझू गावी. वडील जेकब हंगेरीहून आलेले ज्यू दुकानदार, आई ज्यूलिया मिलवॉकीची. पुढे आयोवातल्या ओटम्वा गावी राहताना, ज्यू म्हणून पोरं एडनाला रस्त्यात छळायची. ते दुखणं तिने १९३९ सालच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

१८९७ साली सगळी विस्कॉन्सिनच्या ॲपलटनला आली. तिथे वडिलांची दृष्टी गेली. मग ज्यूलियाबाईंनी पदर खोचला आणि दुकान हातात घेतलं. एडना सतराव्या वर्षी वर्तमानपत्रात बातमीदार झाली. पुढे ॲनिमियाने तिने अंथरूण धरलं, नोकरी सुटली. घरी बरी होता होता तिने लिहायला घेतलं. पहिली कादंबरी १९११ साली आली आणि १९२५ साली ‘सो बिग’ला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आम्ही नर्सिंगमध्ये जन्म काढला. आजाऱ्याचं नाव केसपेपरवर येतं, घर सांभाळणारीचं कुठेच येत नाही. एडनाने मात्र १९१७ सालच्या ‘फॅनी हरसेल्फ’ कादंबरीत दुकान चालवणारी ज्यू आईच उभी केली.

मुलांनो, शब्बाथला आजीजवळ बसा. या देशात आल्यावर घर कोणी, कसं चालवलं ते विचारा, आणि वहीत उतरवून ठेवा. आजी आहे तोवरच हं!