नारळ उभा राहिला, बोअर कोरडा गेला



आमच्या रानात आजवर चार बोअर झाले. चारही पाणाड्यानं दाखवलेल्या जागी. दोन कोरडे, साडेचारशे फुटापर्यंत नुसता फुफाटा. तिसरा फेब्रुवारीत आटतो. चौथा चालू आहे आणि गावात चर्चा फक्त चौथ्याची! कोरड्या दोघांचे पैसे मी अजून फेडतोय, ते कुणी मोजत नाही. माझं भांडण ह्या हिशोबाशी आहे.

नारळावरून नारळीकर आठवले. दहावीनंतर शाळा सुटली, पण विज्ञानकथा वाचायचा नाद सुटला नाही. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. कथेत काहीही होऊ द्या, लेखक आधीच सांगतो की ही कथा आहे. नारळवाला तसं सांगत नाही, आणि दक्षिणा आधी घेतो.

ह्याच नारळीकरांनी ज्योतिषाचीही परीक्षा घेतली. 200 पत्रिका, निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. कुठली कुणाची ते ओळखा. 27 ज्योतिषांनी उत्तरं दिली, बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती.

मग मीही केलं. पाणाड्या भला माणूस, ओळखीचा, त्याचा स्वतःचाही विश्वास आहे. नारळ उभा राहिला तिथं चुन्याची खूण केली. मग डोळ्याला टॉवेल बांधला, दोनदा गोल फिरवलं आणि परत चालायला लावलं. असं तीनदा. तीन जागा आल्या, एकमेकींपासून पन्नास-साठ फूट लांब! म्हणाला, “दादा, डोळे बांधल्यावर देवाला दिसत नाही.”

हात नकळत हलतो म्हणून नारळ हलतो. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात नाहीतर फटीत. फट सापडली तर पाणी, नाहीतर फुफाटा. म्हणून कुणीही बोट दाखवलं तरी अधूनमधून लागतंच की.

आणि कृषीवाल्या साहेबांनो, हसू नका. टॉनिक मारलेल्या प्लॉटचा हिरवागार फोटो तुम्ही ग्रुपवर टाकता, शेजारचा न फवारलेला पट्टा कुठाय? चार ओळी तशाच सोडा, दोन्हीकडचं वजन करा, मग फोटो टाका. नाहीतर तुमच्या हातातही नारळच आहे. फक्त त्याला लेबल आहे.

थोरल्या भावाला हे काही पटलेलं नाही. रविवारी त्याच्या रानात नारळ येणार आहे. मी टॉवेल घेऊन जातोय.