वेबसाइटचा रोजनामचा कोण पाहतो?

दुकानाची वेबसाइट करून घेताना आपण रंग पाहतो, फोटो पाहतो, खर्च विचारतो. त्या वेबसाइटच्या पोटात एक रोजनामचा असतो आणि तो कसा लावून ठेवला आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, हयात कापडाच्या भावात गेली. 'लॉग' हा शब्द मला नुकसानीने शिकवला.

गेल्या वर्षी आमच्या साइटवर सुती पॉपलीनचा भाव 68 ऐवजी 58 रुपये मीटर असा पडला. नागपूरच्या एका पार्टीने त्याच भावाने 1,200 मीटरची ऑर्डर दिली. भाव आपणच जाहीर केलेला, म्हणून माल त्याच भावाने दिला. बारा हजार गेले. पैशाचे फार वाईट वाटले नाही, त्यापुढे जे घडले त्याचे वाटते.

आमची साइट 'ड्रुपल' नावाच्या प्रणालीवर आहे. तिच्यात कोणी, केव्हा, कोणत्या पानात बदल केला याची एक ओळ आपोआप लिहिली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती यादी उघडली. भावाच्या पानासमोर नाव होते 'अॅडमिन' आणि वेळ आदल्या दिवशीची दुपारी 4 वाजून 10 मिनिटे. ती वेळ मी वहीत टिपून घेतली. त्या वेळी मी वसुलीला गेलो होतो आणि कॉम्प्युटरजवळ दुकानातला मुलगा एकटाच होता. मी त्याला चार माणसांदेखत बोललो. तो एवढेच म्हणाला, "चाचा, मैंने हाथ भी नहीं लगाया." चार दिवसांनी त्याने काम सोडले.

आठवड्याने साइट बनवणारा आला. त्याने पहिली गोष्ट पाहिली ती साइटचे घड्याळ. ते हिंदुस्थानी वेळेवर नव्हतेच, जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे होते. माझ्या वहीतल्या 4.10 मध्ये साडेपाच तास मिळवा. रात्रीचे 9.40 होतात. त्या वेळी दुकान बंद होते आणि मी घरी मोबाइलवर नवे भाव भरीत होतो. बोट चुकले ते माझे.

मूळ ओळ पुन्हा पाहावी म्हटले, तर ती नाहीशी झालेली. ड्रुपलमध्ये मुळात शेवटच्या 1,000 ओळीच ठेवण्याची सोय असते, त्याहून जुन्या आपोआप पुसल्या जातात. हजार ओळी म्हणजे पुष्कळ, असे वाटेल. पण इंटरनेटवर चोरटी यंत्रे रात्रंदिवस दारे ठोठावीत फिरतात. आमची साइट ड्रुपलची, तरी ती वर्डप्रेसचे दार शोधतात. दार सापडले नाही की 'पान मिळाले नाही' अशी एक ओळ पडते. अशा कचऱ्याने दोन दिवसांत आमची वही भरत होती आणि कामाची ओळ पुसली जात होती. ती ओळ उघडली असती तर कोणत्या आयपी पत्त्यावरून बदल झाला हेही दिसले असते. मी नुसती यादी वाचली होती.

आपल्याकडे पुष्कळ दुकानांत मालक, मुलगा आणि कामगार सगळे एकाच 'अॅडमिन' नावाने आणि एकाच पासवर्डने आत जातात. मग वहीत सगळीकडे एकच सही! अशा नोंदीवरून कोणावर बोट ठेवणे हा सरळ जुलूम आहे. प्रत्येकाला वेगळे खाते द्या, भाव बदलण्याचा अधिकार एकदोघांनाच द्या. खाते उघडायला पैसे पडत नाहीत.

बाकी काम दहा मिनिटांचे आहे. प्रादेशिक सेटिंगमध्ये वेळ 'एशिया कोलकाता' करावी. 'लॉगिंग अँड एरर्स' या पानावर ओळींची मर्यादा 10,000 किंवा लाखापर्यंत न्यावी. 'सगळ्या ठेवा' हाही पर्याय आहे, पण नोंदी त्याच डेटाबेसमध्ये साठत असल्याने तो फुगतो. वर्दळ मोठी असेल तर नोंदी सर्व्हरच्या सिसलॉगकडे पाठवण्याची सोय आहे, ती सर्व्हरवाल्याला विचारून करावी. त्याच पानावर चुकीचे संदेश गिऱ्हाइकाला दाखवायचे की नाही तेही ठरते. तिथे 'काही नाही' ठेवावे, नाहीतर आपल्या सर्व्हरच्या आतल्या फायलींचे पत्ते परक्याला दिसतात.

आणखी एक. लॉग फक्त कोणी आणि केव्हा हे सांगतो, 68 चे 58 झाले हे सांगत नाही. त्यासाठी 'रिव्हिजन' चालू पाहिजे, म्हणजे पानाची जुनी प्रत जपली जाते. आमच्याकडे ती बंद होती. का, ते बनवणाऱ्यालाही सांगता आले नाही.

सरकारही आता याच वाटेने चालले आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक झाले. आपली पेढी कंपनी नसेल तर तो नियम लागू नाही, हे खरे. पण गल्ल्यावर जो मुलगा बसतो त्याची अब्रू कंपनीतल्या माणसाइतकीच असते.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. तो आता दुसऱ्या पेढीवर आहे, पगारही थोडा जास्त आहे. परत ये म्हणालो, तर हसला. आला नाही.