निंदणी

सरकारी कचेरीत एक शब्द आहे. निंदणीकरण. जुन्या कागदांतनं नको ते उपटून टाकायचं. शब्द वाचला आणि आई आठवली. दुसऱ्याच्या रानात जन्मभर खुरपं घेऊन वाकलेली. तण कुठलं, पीक कुठलं, तिला बरोबर कळायचं. पण ठरवायचा रानाचा मालक.

कागदालाही चार वर्ण आहेत. अ, ब, क, ड. 'अ' कायमचा, 'ड' वर्षभरात रद्दी. बहिष्काराच्या वर्षी आज्यानं दिलेला अर्ज शोधायला मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. कारकून म्हणाला, "साधा अर्ज तो. 'ड' मध्ये गेला असणार. कधीच नष्ट झाला." साधा! गावानं पाणी तोडलं, दळण तोडलं, आणि अर्ज साधा! महारकीत ज्यानं गावचं दप्तर डोक्यावर तालुक्याला वाहून नेलं, त्याचा एक कागद त्या दप्तरात टिकला नाही. आणि तेच सरकार जातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडं १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा मागतं!

जे उरतं, त्यावर नाव कुणाचं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. दावा लावला पाणी अडवणाऱ्यांनी. म्हणून हायकोर्टाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालावर पहिलं नाव नरहरी दामोदर वैद्य, आणि भीमराव रामजी आंबेडकर प्रतिवादी. जिंकलो आपण, मथळा त्यांचा. यादीत 'सत्याग्रह' शोधणाऱ्या पोराला हा कागद कसा घावणार?

सरकारशी भांडूच. काय जाळणार त्याची यादी आधी चावडीवर लावा, म्हणून सांगू. पण आपल्या घरात काय चाललंय? जयंतीची पत्रकं, सभांची इतिवृत्तं, शाहिरांच्या वह्या आपणच किलोवर विकतो. मोर्चाच्या फोटोमागं नाव नाही, तारीख नाही. पुढं चाललेली बाई कोण, हे सांगणारी म्हातारी मागल्या साली गेली. हा गुन्हा कुठल्या कारकुनाचा?

विहारात एक पत्र्याची पेटी ठेवा. प्रत्येक कागदावर लिहा : कुणाचा, कुठला, कधीचा, कुणी दिला. काय ठेवायचं हे तुम्ही-आम्ही शिकलेल्यांनी एकट्यानं ठरवू नका. वस्तीतल्या आयाबायांना विचारा. निंदणी त्यांनी केलीय.

सुरुवात याच अंकापासून करा. वाचून झाला की मागं नाव, गाव, तारीख घाला आणि पेटीत टाका.

जय भीम!