वळिवडेच्या बराकी आणि आश्रयाचा कायदा

कॉटन ग्रीनच्या जुन्या गोदामांवरून जाताना एक गोष्ट हटकून आठवते. या गोदामांत कापसाच्या गाठी वाहणारे आणि आसपासच्या गिरण्यांत राबणारे हात बहुतांशी बाहेरून आलेले होते. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा गोव्याहून, कोकणातून वा घाटावरून एका वळकटीनिशी या परिसरात उतरले. मात्र पोटासाठी आलेला स्थलांतरित आणि जीव वाचविण्यासाठी आलेला निर्वासित यांत मोठे अंतर आहे. पहिल्याला परतीची वाट असते. दुसऱ्याच्या मागे ती बंद झालेली असते.

अशा वाट बंद झालेल्या सुमारे पाच हजार माणसांना महाराष्ट्राच्या भूमीने आश्रय दिला होता. १९४० व १९४१ साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. पुढे सुटका झाल्यावर त्यांतील काही इराणमार्गे भारतात पोहोचले. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, आणि बहुतेक सारे कॅथलिक होते. छावणीत शाळा, रुग्णालय व चर्च होते. त्यांच्याभोवती मात्र त्यांची भाषा वा धर्म न जाणणारी मराठी गावे होती.

या आठवणीचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटावाही. कोल्हापुरातील महावीर उद्यानात स्मारक आहे. वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वंदन केले. परंतु कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकार करीत असे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वळिवडेच्या रहिवाशांचे भवितव्य अधांतरी लोंबकळू लागले. ज्यांचे पती, पिता वा पुत्र ब्रिटिश नेतृत्वाखाली लढले होते, त्यांना ब्रिटनमध्ये वसण्याचा मार्ग १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने खुला केला. इतर अनेक जण अन्य देशांत गेले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

त्या बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे तेथे आली. नव्या राज्यघटनेने अशा विस्थापितांना नागरिकत्व दिले व १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईची तरतूद केली. कापडाची बाजारपेठ म्हणून आपण ओळखतो ते गांधीनगर तेच. एकाच जागी, दोन समाजांच्या बाबतीत, एकच धडा मिळतो : आतिथ्य छप्पर देते, उद्याचा दिवस मात्र कायदा देतो.

आज या धड्याची गरज मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळजबरीने विस्थापित झालेली होती. त्यांपैकी ४ कोटी २७ लाख निर्वासित होते. त्यांतील सुमारे ७३ टक्क्यांचा भार कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर होता. संपन्न देश मात्र दारे लोटत आहेत. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये आपला निर्वासित-प्रवेश कार्यक्रम स्थगित केला.

आणि आपण? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर स्वाक्षरी केलेली नाही व आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी आले, श्रीलंकेतील तमिळ आले. त्यांना आश्रय मिळाला, पण तो सरकारी आदेशाने. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जीविताचा हक्क परकीयांनाही आहे असे स्पष्ट केले. तरीही २०२५ चा परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा निर्वासित कोण, याची व्याख्या करीत नाही. ज्यांना सूट हवी त्यांनी पुन्हा आदेशाचीच वाट पाहावी.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत ख्रिस्ती निर्वासितांचा समावेश आहे म्हणून आपल्यापैकी काहींनी समाधान मानले. थोडे थांबून विचार करू या. ती तरतूद पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीनच देशांपुरती आहे. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून मिझोरममध्ये आलेले हजारो चिन बांधव बहुतांशी ख्रिस्तीच आहेत. त्यांना तिचा लाभ नाही. त्याच देशातून पळालेल्या रोहिंग्या मुस्लिमांनाही नाही. केंद्राने मार्च २०२१ मध्ये प्रवेश रोखण्याची सूचना केली असता मिझोरमच्या सरकारने, चर्चने व गावांनी आश्रय दिला, तो सद्भावनेच्या बळावर. सद्भावना आटली तर काय, हे वळिवडेने १९४५ मध्ये अनुभवले आहे.

देशाला आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे; कोण आला हे तपासण्याचाही आहे. पण तपासणीची रीत, अर्जाची मुदत, अपिलाची सोय आणि जिवावर बेतेल तेथे परत न पाठविण्याची हमी या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या असाव्यात. त्या आश्रयार्थ्याच्या देशावर वा धर्मावर अवलंबून नसाव्यात.

हेरोदाच्या भयाने मिसर देशी गेलेल्या पवित्र कुटुंबाला पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. मिसरने त्यांची श्रद्धा विचारली नाही. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनीही पोलिश मुलांना ती विचारली नाही. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना आश्रयाच्या कायद्याविषयी आपण कधी पत्र लिहिले आहे का, हा प्रश्न या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.